चौथ्या रविवारची कहाणी

माझ्याबरोबर सिनेमाला यायला माझा नवरा तयार नसतो. कोलकात्यात एस्प्लनेडच्या एका थिएटरात आम्ही शेवटचे गेलो, तेव्हा मध्यंतराच्या आधी मी त्याच्या कानात सांगितलं, हा म्हातारा गुरू आता मरणार. पाच मिनिटांत मेला बिचारा. नवऱ्यानं पॉपकॉर्नचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, पुढचंही सांगून टाक, म्हणजे घरी जाऊ. मी सांगितलं. नायक आता अगदी रसातळाला जाणार, तिथंच त्याला हवं ते सापडणार आणि ते घेऊन तो घरी परतणार. झालंही तस्संच. तेव्हापासून तो मित्रांबरोबर जातो आणि मी घरी टीव्हीसमोर बसते. तिथं तोंड चालवायची मुभा आहे.

यात माझी हुशारी काडीची नाही. वीस वर्षं मी याच एका गोष्टीच्या मागे लागले होते. घर सोडायचं, त्याआधी एकदा नको म्हणायचं, वाटेत कुणीतरी मदतीला भेटायचं, मग कसोटी, मग लाभ, आणि शेवटी परतणं. पुराणातल्या कथा घ्या नाहीतर परवा लागलेला सिनेमा घ्या, सांगाडा तोच. त्या सांगाड्यावर ढीगभर पुस्तकं आहेत, पण सगळी तलवारवाल्या पुरुषांवर. मी पीएचडीला विषय घेतला तो आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचा. तिथं निघते ती सून. हातात तलवार नाही, फार तर एक तांब्या, आणि पाठीवर सासूचे टोमणे. अशा चाळीस कहाण्या मी बायकांच्या तोंडून गोळा केल्या होत्या, आणि चाळीसही सुना शेवटी घरी परत आल्या होत्या.

माझा प्रबंध मात्र कुठंच पोचला नव्हता. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, दर तीन वर्षांनी बदली. नागपूरला असताना प्रबंध एकदा खोक्यात गेला, भुसावळला दुसऱ्यांदा. कोलकात्यात, गार्डन रीचच्या सरकारी वसाहतीत, मी तिसऱ्यांदा खोकं उघडलं तेव्हा पन्नाशी दोन वर्षांवर होती. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती आणि ही शेवटचीच, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ऑगस्ट संपला की येणाऱ्या पहिल्या मंगळवारपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणी रद्द. मी चंग बांधला होता की या वेळी आकाश कोसळलं तरी खोकं बंद करायचं नाही.

आणि तेव्हाच काकू भेटल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बजबजहून लोकलनं आल्या होत्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान तिकडच्या ज्यूट मिलमध्ये फिटर होते, ते जाऊनही बरीच वर्षं झालेली. मी सवयीनं विचारलं, काकू, तुमच्या घरी श्रावणात कुठली कहाणी सांगतात? त्या म्हणाल्या, आमची रविवारची आहे, सासूबाईंच्या घरची, दुसरीकडे कुठं ऐकली नाही. सून सूर्याच्या घरी विस्तव आणायला जाते. माझे कान टवकारले. मी विचारलं, परत येते ना? काकू तिळगूळ चघळत राहिल्या आणि म्हणाल्या, ते श्रावणात.

झालं. माझी झोप उडाली. मी पुण्याला माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुझं शेवटचं प्रकरणच परतण्यावर आहे. एखादी कहाणी वेगळी निघत असेल तर ती घेतल्याशिवाय ते प्रकरण उभं राहणार नाही. मग मी काकूंना फोनवर फोन केले. आत्ताच सांगा, नुसता शेवट सांगा, दोन ओळीत सांगा. त्या बाईंनी दाद म्हणून दिली नाही. कहाणी श्रावणातच सांगायची, रविवारीच, चार रविवार चार तुकडे, आणि ऐकणारीनं सकाळपासून चहासुद्धा घ्यायचा नाही. मला राग पटकन येतो. पण गरज माझी होती.

कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं दिलेलं बंगाली कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लागलेलं असायचं. त्यात श्रावण सुरू झालेला बघून मी पुढच्याच रविवारी बिनचहाची निघाले. ऑटोनं स्टेशन, तिथून बजबज लोकल. डब्यात चहावाला तीनदा माझ्या अंगावरून गेला आणि तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं. काकूंच्या घराचं दार त्यांच्या सुनेनं उघडलं. ही बंगाली मुलगी, शाळेत शिकवते, काकू तिला बौमा म्हणतात, म्हणजे सूनबाई. तिच्यामागून काकू आल्या, माझ्या हातातली फुलं आणि नारळ बघितला आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, अगं, हा यांचा श्रावण. आपला अजून आषाढ चाललाय.

मी कपाळाला हात लावला. मराठी बाई, कहाण्यांवर पीएचडी करणारी, आणि श्रावण कधी लागतो ते बंगाली मिठाईच्या दुकानाला विचारते! इथल्या महिन्याची आणि आपल्या महिन्याची गाठ पडत नाही, हे मला पाठ असायला हवं होतं. तिथंच बोटांवर दिवस मोजले. आपला श्रावण लागायला तीन आठवडे होते, आणि चौथा रविवार येत होता तो मुदतीच्या फक्त दोन दिवस आधी. बौमानं चहा आणला तेव्हा उपास नाही म्हणून दोन कप प्यायले, तेवढाच त्या दिवसाचा लाभ.

खऱ्या पहिल्या रविवारी काकूंनी पाटावर रक्तचंदनानं सूर्य काढला होता. माझ्या मुठीत अक्षता दिल्या. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पाटाशेजारी ठेवला, तो त्यांनी उचलून बौमाच्या हातात दिला आणि आत पाठवला. त्यांचा नियम साधा होता. प्रत्येक वाक्याला ऐकणारीनं हुंकार द्यायचा. हुंकार आला तर सांगणारीनं पुढं जायचं, नाही आला तर थांबायचं. माझ्याकडे चाळीस कहाण्या होत्या, सगळ्या मोबाइलमध्ये साठवलेल्या, आणि एकीलाही मी हुंकार दिलेला नव्हता. मी तेव्हा वहीत टिपणं काढत बसलेली असायचे.

त्या रविवारी कहाणीत एका मोठ्या घरातली चूल विझली. धाकट्या सुनेवर आळ आला. गावातल्या कुणी विस्तव द्यायचा नाही असं ठरलं आणि सासूनं तिला सूर्याच्या घरी धाडलं. तिनं तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा उंबरा ओलांडला. इथंच काकू थांबल्या. मी परतीच्या गाडीत आठवेल ते सगळं वहीत उतरवलं. माझ्या सांगाड्यात ते चपखल बसत होतं, याचा मला आनंद झाला आणि थोडा कंटाळाही आला.

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. सिकंदराबाद. नवऱ्याला एक तारखेच्या आसपास तिथं रुजू व्हायचं होतं, आणि सामानाचा ट्रक मिळत होता तो नेमका चौथ्या रविवारी सकाळी. त्यानं मला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. विचारायचं काय, पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी नाही म्हटलं नव्हतं. फ्रिजचा आणि टीव्हीचा मूळ खोका, थर्माकोलसकट, आमच्या माळ्यावर कायम तयार असतो. बदलीवाल्यांच्या घरी तो असतोच.

मी म्हटलं, त्या रविवारी मी नाही. तो म्हणाला, ट्रक आला की घरात बाई लागते, हमाल काचेचं सामान फोडतात. मी म्हटलं, फोडू देत. मग तो जे बोलला त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाला, इतकी वर्षं नाही झालं ते आता एका म्हातारीच्या गोष्टीनं अडणार आहे का, शेवट तुला माहीतच असतो. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. त्याचं म्हणणं खरं असलं तर? ती सूनही विस्तव घेऊन परतली, सासूनं ओवाळलं, की माझी एक्केचाळिसावी कहाणी पहिल्या चाळीसांसारखीच. आणि तीन वेळा खोकं उघडून मी काय सिद्ध केलं? की बाई घरी येते.

तरी दुसऱ्या रविवारी गेले. सुनेला वाटेत चिखलात रुतलेली म्हैस भेटली, पानं झडलेला कडुनिंब भेटला, दोघांचं तिनं केलं, दोघांनी वाट दाखवली. तिसऱ्या रविवारी ती सूर्याच्या घरी पोचली. सूर्याच्या आईनं तिला दारात बसवून ठेवलं. संध्याकाळी सूर्य तापलेला घरी आला, आणि पापणी न मिटवता त्याच्याकडे बघायचं होतं. तिनं बघितलं. त्यानं विस्तव दिला, तिनं तो पदरात घेतला, आणि पदर जळला नाही. त्या वाक्याला हुंकार देताना माझा आवाज चिरकला. उपाशीपोटी असल्यामुळे असेल, पण मला रडू आलं. काकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

चौथ्या रविवारी सकाळी ट्रक दाराशी लागला. मी हमालांना चहा केला, स्वतः घेतला नाही, काचेच्या खोक्यांवर खडूनं मोठ्ठी फुली मारली आणि चप्पल घातली. नवरा दारात उभा होता. अडवलं नाही त्यानं, पण बाजूलाही झाला नाही, मी अंग चोरून बाहेर पडले. त्याला एवढंच सांगितलं, माझं टेबल नेऊ देऊ नकोस.

काकूंनी पाट मांडला होता. मला अक्षता दिल्या. मग स्वतःच्या मुठीतही घेतल्या आणि गप्प बसून राहिल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी म्हटलं, काकू, सांगा. त्या म्हणाल्या,

"मला नाही ठाऊक पुढचं."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्या खाली बघून बोलत होत्या. वैशाखात त्यांचं लग्न झालं. सासरचा पहिलाच श्रावण, सासूबाई नव्या सुनेला कहाणी सांगत होत्या. तीन रविवार झाले आणि मिलमधून तार आली, यजमानांची रजा संपली, शुक्रवारच्या गाडीनं दोघं कोलकात्याला निघाली. पुढच्या श्रावणात जाऊ आणि शेवट ऐकू असं ठरलं होतं. पुढचा श्रावण यायच्या आत सासूबाई गेल्या. मग काकू दर वर्षी तीन रविवार तुळशीला कहाणी सांगायच्या, आणि चौथ्या रविवारी नुसत्या अक्षता धरून बसायच्या आणि जेवायच्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, खोटं कशाला बोलू. आठ महिने या बाईनं मला झुलवलं होतं. माझा संसार त्या क्षणी ट्रकमध्ये चढत होता, परवा मुदत संपत होती, आणि ही म्हणते मला ठाऊक नाही! मी विचारलं, मग मला कशाला बोलावलंत चार रविवार? माझा आवाज चढला होता, बौमा आतून डोकावली.

"तू चाळीस गोळा केल्यास म्हणालीस ना," काकू म्हणाल्या. "मग तू सांग. मला ऐकायचंय."

संशोधकानं असं करायचं नसतं. माहिती घ्यायची, आपल्या पदरची घालायची नाही, हा पहिला धडा. पण समोर ती बाई मूठ मिटून बसली होती, पन्नास-पंचावन्न वर्षांची थांबलेली, आणि तिला नियम ऐकवायची माझी छाती झाली नाही. मी मांडी नीट घातली. शेवट मला तोंडपाठ होते. मी सुरुवात केली. ती सून विस्तव घेऊन सूर्याच्या घरून निघाली.

काकूंनी हुंकार दिला.

ती कडुनिंबाशी आली, त्याला पानं फुटली होती. हुंकार. म्हैस भेटली, तिला पारडू झालं होतं. हुंकार. मग ती आपल्या गावच्या वेशीवर आली, सासूनं तिला ओवाळून घरात घेतलं.

काहीच नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी वाक्य पुन्हा म्हटलं. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले. मी दुसरा शेवट काढला, त्यात सासू माफी मागते. नाही. तिसरा काढला, त्यात सासरचं घर सोन्याचं होऊन जातं. तोही नाही. माझ्या चाळीस कहाण्यांतले सगळे शेवट एकेक करून पडले. तेव्हा मी पहिल्यांदा त्या सुनेचा विचार केला. सांगाड्याचा नाही, तिचा. ज्या गावानं हिला विस्तव द्यायचा नाही असं ठरवलं, त्या गावात ही पदरात सूर्य घेऊन कशाला जाईल?

मी म्हटलं, ती कडुनिंबाखाली बसली. काकूंनी हुंकार दिला. तिनं तीन दगड मांडले आणि तिथंच चूल पेटवली. हुंकार. वाटेनं माणसं जायला लागली, कुणी विस्तव मागितला, तिनं दिला, कुणाला नाही म्हटलं नाही. हुंकार. लोक तिला विचारायचे, बाई, तुझं घर कुठं? ती म्हणायची, धूर दिसतोय ना, तिथं.

काकूंच्या हुंकाराबरोबर मुठीतल्या अक्षता पाटावर पडल्या. त्या बराच वेळ रडल्या. मीही रडले. मराठी समजत नसूनही बौमा दारात उभी राहून डोळे पुसत होती. मग आम्ही तिघी जेवलो, वरणभात आणि बौमानं केलेली पोस्तोची, म्हणजे खसखशीची भाजी, आणि मी दोनदा भात घेतला.

घरी आले तेव्हा ट्रक गेला होता. नवरा सूटकेस घेऊन स्टेशनवर जायच्या तयारीत. घरात एक टेबल, एक चटई आणि बादली. तो म्हणाला, मिळाला शेवट? मी म्हटलं, मिळाला, आणि तुला ओळखता आला नसता. तो ओशाळं हसला. दारातून मागे फिरून माझा मोबाइलचा चार्जर टेबलावर ठेवून गेला, तो चुकून पिशवीत घेऊन चालला होता.

सोमवार आणि मंगळवार मी त्या टेबलाशी बसले. शेवटचं प्रकरण पार उलटं केलं. चाळीस सुना परतल्या, कारण त्यांच्या सांगणाऱ्या बायका घरीच होत्या. एक्केचाळिसावीची सांगणारी स्वतःच निघून गेलेली होती, आणि म्हणून कहाणीला परतणं लागलंच नाही. प्रबंधाच्या शेवटी कथा सांगणाऱ्यांचा तक्ता होता. त्यात मी काकूंचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं: पहिले तीन रविवार सासूबाईंकडून, चौथा रविवार संशोधिकेचा.

मसुदा वाचून मार्गदर्शक बाईंचा फोन मंगळवारी दुपारी आला. त्या म्हणाल्या, ती ओळ काढ, परीक्षक त्याच ओळीवर बोट ठेवतील आणि सगळा प्रबंध खाली येईल. एक तर कहाणी अपुरी आहे म्हण, नाहीतर पुरी आहे म्हण. मी म्हटलं, ती ओळ खरी आहे, ती काढणार नाही. बाई चिडल्या. अगं, तिसऱ्यांदा हातचं घालवू नकोस, म्हणाल्या. मी म्हटलं, घालवायचं असतं तर रविवारी काचेच्या बरण्या सांभाळत घरी बसले असते. आणि प्रबंध पाठवून दिला. बुधवारी मी टेबल वसाहतीतल्या एका मुलीला दिलं आणि सिकंदराबादची गाडी धरली.

निकालाची वाट बघण्यात वर्ष गेलं. तोंडी परीक्षा झाली ती पुढच्या भाद्रपदात, ऑनलाइन. बाहेरचे परीक्षक म्हणजे पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ, आवाज शांत. त्यांनी बाकी काही विचारलंच नाही. तक्त्यातली ती ओळ पडद्यावर मोठी करून दाखवली आणि म्हणाले, "कहाणीचा शेवट तुम्ही रचलात. मग ही लोकांची कहाणी कशी?" मार्गदर्शक बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, मागच्याच आठवड्यात मला बजबजहून काकूंच्या सुनेचा फोन आला होता. काकूंनी यंदा श्रावणात तिला पाटावर बसवलं आणि चारही रविवार कहाणी सांगितली, बंगालीत. चौथ्या रविवारी कहाणीतली सून कडुनिंबाखाली बसली आणि चूल पेटवली, आणि चुलीवर तिनं पहिली भाकरी म्हशीला घातली. ही भाकरी मी घातलेली नाही, सर. बौमानं विचारलं, हा शेवट कुणाचा? तर काकू म्हणाल्या, माझ्या सासूबाईंचा, त्या असाच सांगायच्या.

मी पुढं म्हटलं, "ती ओळ गेल्या वर्षी खरी होती, म्हणून मी भांडून ठेवली. आता खरी राहिली नाही. माझं नाव तेवढं काढून टाकते."